उद्देशिका : संबोधनाचे काव्य



व्यक्ती, वस्तू वा कल्पना समोर आहे असे मानून तिला उदात्त भावनेने संबोधणारे काव्य म्हणजे उद्देशिका. ग्रीक कवी पिंडारने क्रीडास्पर्धांतील विजेत्यांना गौरविले. जॉन कीट्सने १८१९ मध्ये नाइटिंगेल पक्ष्याला साद घातली. मराठीला हा प्रकार सर्वस्वी परका नव्हता. स्तोत्रपरंपरा येथे होतीच. आद्य शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले नर्मदाष्टक शहपुऱ्याच्या या परिसराला परिचित आहे. तेही नदीला उद्देशूनच आहे.

स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या काव्यात या दोन्ही धारा एकत्र आल्या. १९०३ मध्ये त्यांनी स्वातंत्र्यालाच देवता मानून ‘स्वतंत्रतेचे स्तोत्र’ रचले. पुढे १९०९ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटनच्या किनाऱ्यावर, मायभूमीला परत नेण्याची विनवणी त्यांनी सागराला केली. समुद्र परका होता. हाक मात्र मराठी होती.

उद्देशिकेचा चिरस्थायी वारसा हाच होय. केवळ घरात बोलली जाणारी भाषा हळूहळू आक्रसते. जिच्यातून भोवतालच्या नदीला, डोंगराला, वृक्षाला हाक मारली जाते, ती त्या भूमीत रुजते. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेचे हेच खरे कार्य आहे. येथील प्रत्येक विद्यार्थ्याने नर्मदेला एकदा तरी स्वतःच्या मराठी शब्दांत संबोधावे.