बिनकार्बनची मोटर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी मी इथे लोणची नाहीतर वाळवणे यांवर बोलते. यंदा बाई म्हणाल्या, "तुमच्या त्या मोटरीचे सांगा." मी सातवी पास. पण माझ्या वडिलांचे पंखे आणि मोटरी गुंडाळण्याचे दुकान होते, आणि लग्न होईपर्यंत मी त्यांच्या हाताखाली वेढे मोजले आहेत. तेवढ्या भांडवलावर बोलते. चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्याने मित्राची रिमोटवर पळणारी गाडी दोन दिवसांसाठी आणली. वेग वाढावा म्हणून या शहाण्याने मोटरीच्या दांड्यावरचे दातेरी चाक काढून मोठे बसवले आणि मे महिन्याच्या दुपारी तासभर मैदानावर पळवली. मोटर भाजून निघाली, गाडीचा जोर गेला. नवी मोटर चार हजारांची. चिरंजीव म्हणतात, "आई, तशीच परत देऊ. त्याला कळायचे नाही." तेव्हा मात्र माझा पारा चढला.

आपल्या मिक्सरमध्ये कार्बन असतात. झिजले की ठिणग्या उडतात, नवे घातले की काम झाले. या मोटरीत कार्बनच नाहीत. मिक्सरमध्ये मधले वेढे फिरतात. इथे वेढे जागच्या जागी आणि मधला लोहचुंबक फिरतो. वेढ्यांचे तीन गट. जात्यावर बसलेल्या बायका खुंटा आपल्यापुढे आला की ओढतात, तसे हे पाळीपाळीने ओढतात. चुंबक कुठे आला ते मागच्या टोपणातले तीन सेन्सर सांगतात आणि पाळी ठरवतो गाडीतला कंट्रोलर. झिजणारी अशी दोन बेअरिंगेच. खरा वैरी उष्णता. ती तारेवरचे व्हार्निश जाळते. आणि चुंबकाची शक्ती फार तापून गेली की थंड झाल्यावरही परत येत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे त्याच बनावटीच्या दोन बंद मोटरी भंगाराच्या भावात मिळाल्या. तिन्ही उघडून ताटात वेगवेगळ्या मांडल्या. एकीचे वेढे काळे पडलेले, वासही जळका. कोणीतरी लांब स्क्रू घातला होता, तो आत वेढ्याला टोचला होता. दुसरीत माती जाऊन बेअरिंगे धरलेली आणि चुंबकाला तडा. आमच्या मोटरीचे वेढे लखलखीत होते. मीटरची एक कांडी तारेला, दुसरी अंगाला लावून पाहिली. वीज अंगात उतरत नव्हती. तिन्ही वेढ्यांचा रोध सारखा आहे का, ते मात्र साध्या मीटरवर कळत नाही, इतका तो थोडा असतो.

मग चुंबक. पोळ्यांच्या लोखंडी तव्यावर कागदाच्या घड्या ठेवून त्यावर दोन्ही धरून पाहिले. आमचा दोन घड्यांतच सुटला, जळक्या मोटरीतला चार घड्यांवरही धरून राहिला. तोच घेतला. बसवताना चुंबक असा झडप घालून आत ओढला जातो की माझे बोट चिमटले. अजून डाग आहे.

बेअरिंगे नवी घातली, थेंबभर तेल दिले. दांड्यावरची कागदाएवढी पातळ चकती मी विसरले होते. दांडा मागेपुढे खडखडला तेव्हा आठवली. पुन्हा उघडले.

पहिल्यांदा गाडी चालवली तर मोटर थरथरली, पण फिरेना. धाकटा ओरडला, "आई, बंद कर!" तीन जाड तारांपैकी दोन मी उलट जोडल्या होत्या. सेन्सर सांगे एक आणि जोर लागे भलतीकडे. तारा बदलल्या, चाक पूर्वीचे छोटे बसवले, आणि मोटर शिटी वाजवावी तशी फिरली. दर पाच मिनिटांनी थांबवून बोट लावायचे, चटका बसला तर गाडी सावलीत, असा नियम मी घालून दिला.

यजमान म्हणाले, "आता सांगायची काय गरज? चालतेय ना!" मी ऐकले नाही. मोठे चाक, दुपारची हौस, जुने भाग, सगळे मित्राला सांगून मगच गाडी परत दे, असे मुलाला बजावले. मित्र रागावला. पंधरा दिवस आमच्याकडे फिरकला नाही. आमचा मुलगा जेवताना मान वर करीना. मलाही वाटू लागले, आपण उगीच ताणले का?

परवा संध्याकाळी दार वाजले. तोच मुलगा. हातात रुमालात बांधलेली आणखी एक मोटर. म्हणाला, "काकू, हिची बेअरिंगे गेलीत बहुतेक. बघाल का?"