घरीं जुळविलेली मोटार : चाकें आणि कमानी

मोटार ही कारखान्यांतूनच तयार होऊन यावयाची वस्तु, असा सामान्य समज आहे. इंग्लंडांत मात्र सुटे भाग विकत आणून घरच्या घरीं गाडी उभी करण्याची हौस जुनी आहे. कॉलिन चॅपमन यांनीं 1957 सालीं काढलेली ‘लोटस सेव्हन’ ही दोन आसनांची चिमुकली गाडी सुट्या भागांच्या रूपानेंही मिळे. कारण तयार गाडीवरील खरेदीकर त्यामुळें वांचत असे. 1973 सालीं तिचे हक्क ‘कॅटरहॅम’कडे गेले आणि त्या घाटाच्या गाड्या पुढेंही निघत राहिल्या.

अशी गाडी रस्त्यावर आली, कीं मालकाचें लक्ष प्रथम चाकांकडे जातें. जुनीं चाकें काढून मोठीं, रुंद, झगझगीत चाकें घालावीं असें त्यास वाटूं लागतें. सावधगिरी हवी ती येथेंच.

टांगा आणि बैलगाडी यांतील फरक श्रोत्यांस ठाऊक आहे. टांग्यांतील उतारू कमानींवर तोललेले असतात. चाकें व आंस कमानींच्या खालीं राहतात. मोटारीचेंही तसेंच आहे. खड्ड्यावरून उसळलेलें चाक कमानीनें पुन्हा रस्त्यावर दाबावयाचें असतें. चाक जितकें जड, तितकें हें काम कठीण. आणि चाक अधांतरीं असतांना ब्रेक व सुकाणू दोन्ही व्यर्थ होत.

समजा, एका कोपऱ्यावरील चाक, टायर व ब्रेक यांचें वजन 35 किलो आहे. 1300 किलोंच्या कौटुंबिक गाडींत त्या कोपऱ्यावर सुमारें 325 किलो भार येतो. त्यांत हें वजन नवमांशाच्या आसपास भरतें. 500 किलोंच्या घरगुती गाडींत तेंच वजन 125 किलोंपैकीं, म्हणजे पाव हिश्श्याहून अधिक होतें. म्हणून हलक्या गाडीस जड चाक अधिक बाधतें.

चाकाचा टायरसकट व्यास बदलला तर वेगदर्शक कांटा चुकीचा वेग दाखवितो. चाक बाहेर सरकलें तर बेअरिंगवर ताण येतो. सुकाणू पूर्ण वळवून व कमान पूर्ण दाबून टायर कोठें घासत नाहीं ना, हें पाहणें अवश्य आहे.

कमानींची गोष्ट अशीच. 1000 किलोंच्या गाडीच्या कमानी 500 किलोंच्या गाडीस लावल्या, तर तिचीं आंदोलनें सुमारें 1.4 पट जलद होतात आणि बसणाऱ्यास हिसके बसतात. कमान धक्का सांठविते. शॉक-अॅब्सॉर्बर त्याची उष्णता करून तो जिरवितो. एक बदलून दुसरा तसाच ठेवल्यास गाडी एक तर डुलत राहते, नाहीं तर आंखडते.

तेव्हां क्रम असा असावा : प्रथम टायरांतील हवा, कारण इतक्या हलक्या गाडीस जड गाडीएवढा दाब लागत नाहीं; मग चाकांची सरळ रेषा; त्यानंतर कमान व शॉक-अॅब्सॉर्बर यांची जोडी; आणि शेवटीं चाकें, तींही जुन्यांपेक्षां हलकीं. एका वेळीं एकच फेरफार करावा व गाडी चालवून पाहावी. म्हणजे गुण कशाचा आणि दोष कशाचा तें कळतें.

वळणावर गाडीस रस्त्याशीं बांधून ठेवणारे रबराचे चार ठसे असतात, प्रत्येक जेमतेम तळहाताएवढा. बसणाऱ्याचे प्राण त्यांच्या हवालीं असतात. चाकाची शोभा त्यानंतरची.