संमतीचे मोल



खासगीपणाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते : ज्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही, त्याने चिंता कशाला करावी? परंतु असे म्हणणारा मनुष्यही आपले बँकेचे पासबुक शेजाऱ्याच्या हाती देत नाही. त्यात कोणताही गुन्हा दडलेला नसतो. कोणाला काय सांगावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येकाला आपल्याकडे ठेवावासा वाटतो. हाच खासगीपणाचा गाभा होय.

राज्यघटनेत या हक्काचा स्पष्ट उल्लेख नाही. एम. पी. शर्मा (१९५४) व खरक सिंग (१९६२) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नव्हता. पुढे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेस आव्हान दिले. त्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्वाळा दिला की, खासगीपणा हा अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काचा अविभाज्य भाग आहे. अर्थात हा हक्क निरंकुश नाही. त्यावरील बंधनास कायद्याचा आधार, वैध उद्दिष्ट आणि प्रमाणबद्धता आवश्यक ठरते.

दुसरे प्रचलित मत असे : लांबलचक अटी कोण वाचतो? 'सहमत आहे' या शब्दांवर बोट ठेवावे आणि पुढे जावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने नेमकी हीच दुखरी नस ओळखली आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट व निःसंदिग्ध असली पाहिजे, असे तो सांगतो. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. दूरवैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधील संपर्कयादीही मागितली व ग्राहकाने होकार दिला, तरी सेवेसाठी अनावश्यक असलेल्या त्या यादीपुरती संमती ग्राह्य नाही, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे. नियमभंगाबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने, एकंदर १८ महिन्यांत व्हावयाची आहे.

तथापि कायद्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. नागरिकाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीस हा कायदा लागू होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली अशाच उपलब्ध मजकुरावर व छायाचित्रांवर घडविल्या जात असल्याने हा अपवाद लहान नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी शासकीय यंत्रणांना सूट देता येते. याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील कलम ८(१)(जे) बदलले. पारदर्शकता आणि खासगीपणा यांचा तोल कसा साधावा, हा वाद त्यातून उभा राहिला आहे.

सराव परीक्षेच्या ॲपला परीक्षार्थीची संपर्कयादी कशासाठी हवी, हा प्रश्न साधा आहे. तो विचारण्याचा अधिकार आता कायद्याने दिला आहे. मात्र नागरिक तो विचारणारच नसतील, तर संमती हा केवळ उपचार उरेल आणि मूलभूत हक्क निकालपत्रातच राहील.