गोळी विसरली नव्हती, संपली होती

कोणी बसमध्ये ऐकत असेल, कोणी होस्टेलच्या गच्चीवर. आजचा एपिसोड माझ्या एका फसलेल्या ॲपचा आहे. पण विषय टेकचा कमी आणि बीपीचा जास्त. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे.

आमच्या अमरावतीच्या घरी एक मावशी पोळ्या करायला येतात. वय पन्नाशीच्या आसपास, सकाळची पाच घरं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या वस्तीत शिबिर लागलं होतं. तिथं बीपी मोजलं तर 200 वर 110. नर्सताईंनी परत मोजलं, तेवढंच. आता बघा, 140 वर 90 च्या पुढे गेलं की बीपी वाढलंय असं धरतात. वरचा आकडा 180 किंवा खालचा 120 च्या पलीकडे गेला, की ते फारच जास्त. पण मावशींचं ना डोकं दुखत होतं, ना चक्कर. त्या हसत म्हणाल्या, "मले तं काहीच होत नाही बाप्पा, मशीनच बिघडली असन."

हीच बीपीची गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, दगाबाजी आहे. आतून रक्तवाहिन्या, किडनी, हृदय झिजत असतं आणि माणूस टुणटुणीत फिरत असतो.

गोळ्या सुरू झाल्या. मी तेव्हा पुण्याहून घरी आलेलो. मनात म्हटलं, हे तर आपलंच काम! दोन रात्री बसून मावशींच्या फोनसाठी छोटं ॲप लिहिलं. रात्री आठला घंटी वाजणार, त्यांनी हिरवं बटण दाबायचं, मला पुण्यात टिक दिसणार. रोज टिक यायची. मी मित्रांना स्क्रीनशॉट दाखवायचो, काय सांगू, फुल्ल भाव खात होतो.

मग मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेल्या. दीड महिना राहिल्या. टिक रोज येत होती. परत आल्यावर आठव्या दिवशी सकाळी आमच्याच ओट्याशी त्यांच्या हातातलं लाटणं पडलं. उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला वाकडं, शब्द फुटेना. आईनं 108 ला फोन केला. पक्षाघात. वेळेत नेलं म्हणून वाचल्या.

नंतर भेटायला गेलो तेव्हा मी विचारलं, मावशी, टिक तर रोज येत होती ना? त्या हळूहळू, अडखळत बोलल्या. "ते हिरवं दाबल्याबिगर पोंगा बंदच होत नाही ना बाबू." आणि मग म्हणाल्या, "मी गोयी इसरली नाही. गोया सरल्या होत्या."

मंडळी, त्या वाक्यानं माझी झोप उडाली. मी विसरण्यावर ॲप लिहिलं होतं. मावशी विसरल्याच नव्हत्या. मी चुकीचा बग फिक्स केला होता.

गोळ्या संपल्या तेव्हा काय झालं, ऐका. अकोल्यात त्या एका दवाखान्यात गेल्या. तिथं म्हणाले, आधीचा कागद आणा. कागद अमरावतीला, पत्र्याच्या डब्यात. दुसऱ्यांदा गेल्या तर वेळ संपली होती. घरी ओली बाळंतीण. तिसऱ्यांदा गेल्याच नाहीत. तसंही दुखत काहीच नव्हतं. अमरावतीला आल्यावर आणायच्या होत्या, पण ओपीडी सकाळची, आणि सकाळीच पाच घरं. दीड महिना सुट्टी झालेली, अजून एक खाडा कोण खपवून घेईल? त्या पाच घरांत आमचंही घर होतं, हे इथं सांगायलाच पाहिजे.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. चांगलंच आहे. पण गोळी फुकट झाली तरी खाडा फुकट होत नाही. ऑटोचं भाडंही नाही. आपण मात्र पटकन म्हणतो, "या लोकांना सिरियसनेस नाही." सॉफ्टवेअरमध्ये यालाच आपण यूजरची चूक म्हणून तिकीट बंद करणं म्हणतो.

आणि हा एका मावशीचा प्रश्न नाही. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत 86 गावांमध्ये 2011 ते 2013 या काळात मृत्यूंचा अभ्यास झाला. सगळ्यात मोठं कारण निघालं पक्षाघात, सातातला साधारण एक मृत्यू. आणि पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाढलेलं बीपी.

मग उपाय आहे का? आहे. 2017 च्या शेवटी आयसीएमआर, आरोग्य खातं आणि डब्ल्यूएचओ यांनी मिळून पाच राज्यांत बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपल्या विदर्भातले वर्धा आणि भंडारा होते. त्यांनी काय केलं? सगळ्यांना ठरलेल्या त्याच दोन-तीन स्वस्त गोळ्या, म्हणजे साठा सांभाळणं सोपं. गोळ्या मोठ्या हॉस्पिटलऐवजी घराजवळच्या केंद्रात. कोरोनात तर आशाताईंनी घरपोच दिल्या. आणि 'सिंपल' नावाचं ओपन सोर्स ॲप. ते पेशंटला घंटी वाजवत नाही. ते नर्सला यादी दाखवतं, की कोणाची तारीख उलटली, कोणाला फोन करायचाय. माझ्या ॲपच्या बरोबर उलटं! मी सगळं ओझं मावशींवर टाकलं होतं, त्यांनी ते यंत्रणेवर टाकलं. 2022 मध्ये या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

आता तुमच्या हातात फोन आहेच, तर चार कामं करा. घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या कोणाला बीपी असेल तर कागदाचा फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा. "गोळी घेतली का?" असं विचारू नका, "पत्त्यात किती उरल्या?" असं विचारा. तुमच्याकडे कोणी कामाला असेल तर गोळ्या आणायच्या दिवसाचा पगार कापू नका. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून रोज खाणारे असतील, तर डॉक्टरांना सांगा, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं.

बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही, आणि आकडा वाढला म्हणून स्वतःच्या मनानं दोन घ्यायच्या नाहीत. 180 च्या वर दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, दिसायला अंधूक, तोंड वाकडं, हातपाय लुळे किंवा बोबडी वळणं यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही, थेट 108.

मावशी आता दोनच घरं करतात. उजव्या हातात पहिल्यासारखा जोर नाही, पोळी थोडी जाड होते. आमच्याकडे कोणी काही बोलत नाही. ॲपमधली घंटी मी काढून टाकली. आता ते दर रविवारी एकच आकडा विचारतं, गोळ्या किती उरल्या. सातच्या खाली गेला की फोन त्यांना जात नाही, माझ्या आईला आणि त्यांच्या मुलाला जातो. जो मोकळा असेल तो कागद घेऊन गोळ्या आणतो. महिन्यातून एकदा बीपी मोजायला मावशी स्वतः जातात, त्या दिवशी पोळ्या आई करते.

चला, आज रात्री घरी फोन लावा आणि पत्ता मोजायला सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!