वाटसरूची ओवरी : वर्धा मुलखातील धर्मशाळा
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



देवळाचा गाभारा देवासाठी असतो, पण आवारातील ओवरी वाटसरूसाठी असते. आगगाडी येण्यापूर्वी वर्धा मुलखातील रहदारी बैलगाडीने, घोड्यावर वा पायी चाले. भरलेली गाडी दिवसाकाठी पाच-सहा कोस जाई. केळझर नागपूरहून सुमारे १६ कोस. म्हणजे तीन मजलांची वाट. हिंगणघाटच्या बाजाराला निघालेला कापूसवाला असो की पंढरीचा वारकरी, प्रत्येक मजलेला त्याला पाणी, छप्पर आणि बैलांना जागा लागे. ही गरज धर्मशाळेने भागवली.

तिची ठेवण साधी. गाडी आत येईल असा दरवाजा, मध्ये मोकळा चौक, कडेने ओवऱ्या. दगडी जोते उंच, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही. सागवानी खांबांवर उतरते कवेलूचे छप्पर, म्हणजे वैशाखातही वारा खेळतो. भिंतीत पणतीसाठी कोनाडा, जवळ विहीर, बैलांसाठी डोणी. वाटसरूने तीन दगडांची चूल मांडावी, भाकरी थापावी आणि पहाटे गाडी जुंपावी.

१८६२ साली वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसले आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. मजलांचा प्रवास काही तासांवर आला. वाटेवरच्या धर्मशाळांची वर्दळ ओसरली. देवळाशी जोडलेल्यांना मात्र यात्रेचा आधार उरला.

तरीही एक गोष्ट झाकून ठेवू नये. त्या काळी या ओवऱ्यांचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. अस्पृश्य मानलेल्या वाटसरूला रात्र बाहेर झाडाखाली काढावी लागे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी ही उणीव ओळखली. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. खुद्द वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांसाठी खुले केले.

म्हणून जीर्णोद्धारात कळसाबरोबर ओवरीचाही विचार व्हावा. जागा हवी म्हणून ती पाडून दुकानांचे गाळे काढणे सोपे आहे. पण मोडलेली ओवरी पुन्हा कोणी बांधत नाही. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरते. तिथे चुनाच वापरावा. फुटके कवेलू वेळीच बदलले तर वासे वाचतात. या कामांना लाखोंची रक्कम लागत नाही, दर पावसाळ्यापूर्वी लक्ष लागते.

देणगीदारांच्या रकमेतील थोडा वाटा त्या छपराला मिळावा. उन्हातान्हात आलेल्या कोणालाही जात न विचारता तिथे टेकता यावे, पाणी मिळावे, एवढे झाले तरी देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल.