शपथ कुणाच्या जिवावर?



दिवसातून आपण किती शपथा घेतो, कधी मोजलंय का? आईशप्पथ, देवाशप्पथ, विठोबाची आण, लेकराच्या गळ्याची शपथ. बांधावरून भांडण झालं, की उचल बेलभंडार! आणि यातल्या प्रत्येक शपथेत गहाण कोण पडतं? दुसराच कुणीतरी. आपण नाही.

दशरथ राजा बघा. कैकेयी कोपभवनात जमिनीवर पडलेली. राजा तिची समजूत काढतोय. तिला काय हवंय ते तिनं अजून सांगितलंसुद्धा नाही, आणि हा शपथ घेऊन मोकळा! शपथ कुणाची? रामाची. वाल्मीकींनी तसं लिहून ठेवलंय. प्राणापलीकडं प्रिय राम, म्हणून शपथही त्याचीच. मग तिनं काय मागितलं? त्याच रामाला १४ वर्षं वनवास! शपथ घेतली बापानं आणि वल्कलं नेसून निघाला मुलगा.

आता आपल्या घरातलं बोलू. आमच्या भागातला एक माणूस, नाव विचारू नका. रोज पिऊन यायचा. एके दिवशी बायकोपुढं पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “याची शपथ, आजपासून थेंब घेणार नाही.” आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. नेमका त्याच रात्री पोराला ताप भरला. ते आईला विचारतं, “आई, बाबांनी शपथ मोडली, आता मी मरणार का गं?”

महाराज, ताप साधाच होता, दोन दिवसांत उतरला. पांडुरंग काही असा सावकार नाही, की बापाचं देणं लेकराच्या श्वासातून वसूल करील. पण पोराच्या मनात बसलेली भीती? ती कुठल्या औषधानं उतरायची? पाप लागलं ते तिथं.

तो माणूस माझ्याकडं आला, रडला. म्हटलं, “बाबा, लहान पोरं खेळात शपथ घालतात, पण मागून ‘सुटली म्हण’ असंही म्हणतात. बांधलेल्याला सोडवायचं असतं, हे त्यांना कळतं. तू आधी घरी जा. लेकराला मांडीवर घे आणि सांग, ‘बाळा, शपथ सुटली. माझ्या चुकीचा तुला काही त्रास नाही.’ मग तुझं तू बघ.”

आपल्या गळ्यातली तुळशीची माळ काय सांगते? माळ घालताना आपण म्हणतो, मद्यमांस वर्ज्य, एकादशी करीन, पंढरीची वारी करीन. यात कुणाचा जीव गहाण ठेवला? कुणाचाच नाही. वागायचं मी, चुकलो तर कबूल करायचं मी, पुन्हा उभं राहायचं तेही मीच. याला व्रत म्हणतात, माउली.

तो माणूस अजून झगडतोय, खोटं कशाला सांगू? पण पोर आता निर्धास्त झोपतं.

तुम्हीही आज घरी गेल्यावर आठवा, रागाच्या भरात कुणाकुणाच्या डोक्यावर हात ठेवला होता. त्यांना जवळ घ्या, ‘सुटली’ म्हणा. आणि उद्यापासून बोलणं असं ठेवा, की समोरच्यानं शपथ मागूच नये.

रामकृष्ण हरी.