खांद्यावरच्या पट्ट्या



विमानात चढणारा प्रवासी वैमानिकाकडे पाहतो तो क्षणभरच. पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, ताठ मान. मग दार लागते आणि आपण वर्तमानपत्र उघडतो. त्या सदऱ्याच्या आतल्या माणसाला वेतन काय मिळते, काल रात्री तो कोठे निजला, हे आपण कधी विचारीत नाही. आज तोच प्रश्न मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे, आणि त्यासाठी अमेरिकेतील दोन विमानांची हकीकत सांगावयाची आहे. दोहोंत अंतर आहे अवघ्या चार आठवड्यांचे.

१५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कहून यूएस एअरवेजचे एक विमान उडाले. सुमारे २८०० फुटांवर रानहंसांचा थवा आडवा आला आणि दोन्ही इंजिने निकामी झाली. कॅप्टन सलेनबर्गर आणि सहवैमानिक स्काइल्स यांच्या हाती साडेतीन मिनिटेही नव्हती. तेवढ्यात त्यांनी ते विमान हडसन नदीच्या गारठलेल्या पाण्यावर उतरविले. आतील १५५ माणसे, सारीच्या सारी, वाचली. पाणी आत शिरत असता कॅप्टनने विमानातून दोनदा फेरी मारली, कोणी मागे राहिले नाही अशी खात्री करून घेतली, आणि मगच तो बाहेर पडला.

१२ फेब्रुवारी २००९. कोलगन एअर नावाच्या एका लहान कंपनीचे विमान रात्रीच्या वेळी बफेलो शहराकडे चालले होते. उतरण्याच्या तयारीत वेग फार कमी झाला. अशा वेळी सुकाणूचा दांडा थरथरून वैमानिकास इशारा देतो. त्यावर उपाय म्हणजे विमानाचे नाक खाली करणे आणि इंजिनांना जोर देणे. कॅप्टनने दांडा उलट मागे ओढला. विमान एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक अशी पन्नास माणसे गेली.

चौकशीत पुढे आलेला तपशील मन विषण्ण करणारा आहे. सहवैमानिक बाईंचे वय होते चोवीस, आणि वेतन वर्षाला पंचवीस हजार डॉलरांच्याही आत. त्या देशात एवढ्यात मोठ्या शहरी बिऱ्हाड थाटणे कठीण. त्या सिअ‍ॅटलला आईवडिलांकडे राहत. कामाचे ठिकाण देशाच्या दुसऱ्या टोकास. रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून त्या हजर झाल्या होत्या. अंगात सर्दी होती. विमान सुटण्यापूर्वी त्या कॅप्टनला म्हणाल्या, की आजारी म्हणून रजा सांगितली तर बरे वाटेपर्यंत हॉटेलचा खर्च मलाच सोसावा लागेल. हे बोलणे यंत्रात नोंदले गेले.

आता कोणी घाईने म्हणेल, "पाहा, पगार कमी म्हणून विमान पडले." तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. चौकशी मंडळाने मुख्य दोष ठेविला तो कॅप्टनच्या चुकीच्या हालचालीवर. उतरताना अनावश्यक बोलू नये हा नियमही त्या दोघांनी मोडला होता. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण तो किती हे ठरविता येत नाही, असे मंडळाने सांगितले. शिवाय हडसनवरच्या वैमानिकांचे तरी वेतन शाबूत कोठे होते? त्या अपघातानंतर बारा दिवसांनी सलेनबर्गर अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे उभे राहिले. आपले वेतन चाळीस टक्क्यांनी कापले गेले आहे, कंपनीची निवृत्तिवेतनाची योजना बुडाली आहे, आणि आपल्या मुलांनी या धंद्यात यावे असे वाटणारा एकही व्यावसायिक वैमानिक आपल्या माहितीत नाही, असे त्यांनी सांगितले. स्काइल्स तर जोडधंदा म्हणून घरबांधणीची कंत्राटे घेत.

"मग झाले तर!" असे दुसरा कोणी म्हणेल. "पगार कापूनही माणसे नेकीने काम करतात. खरा कसबी पैशाकडे पाहत नाही." मित्रहो, या वाक्यापासून मला अधिक भीती वाटते. ते अर्धे खरे आहे. संकटाच्या त्या साडेतीन मिनिटांत पगाराचा विचार कोणाच्याही मनाला शिवला नसेल. तेथे काम केले ते हातात मुरलेल्या विद्येने. परंतु ही विद्या दशकानुदशकांच्या सरावातून, आणि हा धंदा आयुष्यभर करण्याजोगा आहे या विश्वासातून आलेली असते. पूर्वीच्या पिढीने साठविलेल्या त्या पुंजीवर कंपन्या आज गुजराण करीत आहेत. मुद्दल खाऊन व्याजाची अपेक्षा धरावी, तसा हा प्रकार आहे.

अभिमानाला झोप लागते, औषध लागते, डोक्यावर छप्पर लागते. "मी आज उडविण्याच्या स्थितीत नाही," असे सांगणे हे वैमानिकाच्या व्यवसायधर्मातील पहिले कलम आहे. ते पाळण्यास हॉटेलचे भाडे खिशात असावे लागते. ज्याला ते परवडत नाही, त्याच्याकडून आपण पट्ट्यांची शोभा मागतो आणि पट्ट्यांचा अधिकार मात्र काढून घेतो.

मृतांच्या आप्तांनी चिकाटीने पाठपुरावा केला, आणि २०१० साली अमेरिकेत कायदा झाला. सहवैमानिकास सामान्यतः १५०० तासांच्या उड्डाणाची अट आली, विश्रांतीचे नवे नियम २०१४ साली अंमलात आले. वेतनाला मात्र त्या कायद्याने हात घातला नाही. लहान कंपन्यांनी २०२२ च्या सुमारास पगार पुष्कळ वाढविले, ते वैमानिक मिळेनासे झाले तेव्हा. कदर म्हणून दिले नाही, ते गरज म्हणून द्यावे लागले.

ही गोष्ट अमेरिकेची खरी. पण ती केवळ वैमानिकांची नाही. रात्रपाळीची परिचारिका, खेड्यातला शिक्षक, एस.टी.चा चालक, यांच्या निष्ठेचे कौतुक करून आपण किती वेळा त्यांच्या वेतनाचा प्रश्न टाळतो! "तुमचे काम थोर आहे," हे शब्द आदराचे आहेत. ते पगाराच्या जागी दिले, की ती फसवणूक होते. तेव्हा पुढच्या वेळी स्वस्त तिकिटाचा आनंद मानताना, वाचलेला रुपया कोणाच्या झोपेतून आला, एवढे आपण एकदा विचारावे अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.